खांदा उतरलेला शर्ट

ठकूबाईनं अनिलच्या खांद्यावरचा शर्ट चिमटीत धरला. चिमूट पुरेना. कापड मूठभर आलं.

"कोणाचा रे ह्यो शर्ट?"

"कोणाचा म्हंजे? माझाच," अनिल म्हणाला. "आई, आता हीच फॅशन हाय."

शिमग्याला मुंबईहून आलेला तिचा एकुलता एक मुलगा बॅग हातात घेऊन अंगणात उभा होता. शर्टाची शिवण खांदा सोडून दंडावर उतरली होती आणि बाह्या कोपराच्या खाली आल्या होत्या. त्या शर्टात आणखी एक अनिल आरामात मावला असता.

पोलादपूरच्या वर डोंगरातल्या या वाडीत मुंबईकराला पाणी मग विचारतात, आधी त्याचा शर्ट चिमटीत धरतात. तोंडाला विचारून काही उपयोग नसतो. खायचे वांधे असोत नाहीतर काम सुटलेलं असो, तोंड आपलं 'बरं चाललंय' म्हणत राहतं. शर्ट अंगाला धरून असला की बायका समजतात, मुंबई मानवली. सैल लागला की मात्र गप्प होतात आणि त्या दिवशी भाकरी दोन जास्त भाजतात.

ठकूबाईचं काळीज धसकलं ते नुसत्या शर्टानं नाही, त्या फॅशन शब्दानं. अनिल रांगत होता तेव्हा त्याचा बाप, चांगू, असाच शिमग्याला आला होता. असाच ढगळ शर्ट, असाच खांदा उतरलेला. तिनं विचारलं तर हसून म्हणाला होता, "ठके, येडी हायस. मुंबयला आता हीच फॅशन हाय." तिनं विश्वास ठेवला. वर वाडीभर सांगत फिरली, आमच्यांची फॅशन बघा म्हणून. त्याच पावसाळ्यात निरोप आला, की चांगू गेला. बरोबर राहणारे गाववाले म्हणाले, चार दिवसांची कावीळ. ठकूबाईनं ते कधीच मानलं नाही. धडधाकट माणूस चार दिवसांत जातोय होय? तो शिमग्यापासूनच झिजत होता, आणि फॅशनचं नाव सांगून त्यानं आपल्याला गप्प बसवलं, हे तिनं मनाशी पक्कं धरलं. त्याचा राग होताच. त्याहून जास्त राग स्वतःचा होता. तेव्हाच हाताला धरून डॉक्टरकडे नेला असता तर? या प्रश्नानं तिला इतकी वर्षं धड झोपू दिलं नव्हतं.

दोन दिवस तिनं अनिलच्या ताटाशेजारून बूड हलवलं नाही. पोरगा पोटभर जेवला, मागून मागून जेवला, तरी तिचं समाधान होईना. चांगूही असाच जेवला होता. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "गुडघा लय धरलाय. मला म्हाडला दाखव." अनिल बिचारा निघाला. महाडच्या दवाखान्यात नंबर लागल्यावर बाईनं गुडघ्याचं नावही काढलं नाही. अनिललाच पुढं ढकललं आणि म्हणाली, "ह्याला तपासा. सगळा तपासा."

डॉक्टरांनी छाती तपासली, डोळे पाहिले, जीभ पाहिली, वजनाच्या काट्यावर उभं केलं. मग चष्मा वर करून म्हणाले, "आजी, याला काही झालेलं नाही. उलट भात थोडा कमी घाला."

बाहेर आल्यावर अनिल बराच वेळ फुरंगटून चालत होता. ठकूबाईला त्याचं काही वाटलं नाही. तिला एकदम हलकं वाटत होतं आणि बाजारपेठ छान दिसत होती. चालता चालता ती एका कपड्याच्या दुकानापाशी थांबली. दारात तसलेच शर्ट ओळीनं टांगले होते. सगळ्यांचे खांदे उतरलेले.

"येवढं ढगळ कशाला शिवतात वो?" तिनं गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या दुकानदाराला विचारलं.

दुकानदार हसला. "मावशी, जुनीच फॅशन फिरून आलीय. हा तुमचा मुलगा रांगत असेल, तेव्हा मुंबईहून हाच माल यायचा. खांदा उतरलेला नसला तर पोरं शर्टाला हात लावायची नाहीत."

ठकूबाई टांगलेल्या शर्टांकडे बघत राहिली. मग तिनं जपून, अडखळत विचारलं, "धडधाकट मानसं बी घ्यायची?"

"धडधाकटच घ्यायची. चार पैसे साठवून घ्यायची. बायकोपुढं मिरवायचं असायचं ना."

ती दुकानाच्या पायरीवर बसली. अनिलचा रुसवा कुठल्या कुठे पळाला. तो घाबरून खाली वाकला. "आई, काय झालं? गुडघा धरला काय गो?"

ठकूबाईनं मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. आत वर्षानुवर्षं रुतून बसलेलं काहीतरी सुटत होतं. तिला तो शिमगा आठवत होता आणि अंगणात हसत उभा असलेला चांगू आठवत होता. आज पहिल्यांदाच तो तिला आजारी दिसत नव्हता.

"तुझ्या बाला तवा कायबी झालं नव्हतं रे," ती म्हणाली. "माझ्यासाठी नटून आला व्हता."