नाव घ्या

"पहिला हल्ला दांडगाईचा. मशीन एकेक अक्षर लावून बघतं. दुसरा शब्दकोशाचा, त्यात नेहमीचे शब्द लावून बघतं. आणि तिसऱ्यात माणसालाच गोड बोलून फसवतात," आमच्या पतसंस्थेत पासवर्डचं प्रशिक्षण द्यायला आलेले सर म्हणाले. "चहा संपेपर्यंत माझ्या लॅपटॉपचा पासवर्ड फोडून दाखवा. नाही जमलं, तर रविवारीही वर्ग!"

आमचे चेहरे पडले. खोपकरबाई मात्र पोह्यांची बशी घेऊन सरांकडे गेल्या. निवृत्तीला दोन महिने उरलेली बाई हातचा रविवार कशाला सोडेल?

"सर, अंगठी नवी दिसते. लग्न कधी झालं?"

"यंदाच, अक्षय्य तृतीयेला," सर लाजले.

"अगंबाई! मग नाव घ्या की. उखाण्याशिवाय पोहे नाहीत."

आम्हीही गलका केला. सरांनी घसा खाकरला.

"पोह्यांवर खोबरं, वर लिंबाची फोड, शाल्मलीचं नाव घेतो, बोलणं तिचं गोड!"

टाळ्या पडल्या. तेवढ्यात बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरात अक्षय्य तृतीयेची तारीख बघितली, एका बोटानं शाल्मली टाइप केलं आणि पुढे तारीख जोडली. लॅपटॉप उघडला.

सर पांढरेफटक. "हा... हा तर तिसरा हल्ला!"

"हल्ला कसला? रीत आहे आपली," बाई म्हणाल्या.

सर घाईघाईनं नवा पासवर्ड टाकायला बसले. बाईंनी त्यांच्या बशीत आणखी पोहे वाढले.

"बरं सर, तुमचं मूळ गाव कुठलं?"

सरांची बोटं जागीच थांबली.