आग्रहाचं जेवण

आमच्या सुलभाकाकूचा देवांग वॉशिंग्टनात सरकारी नोकरीला. तिकडं आफ्रिकेत लढाई पेटलेली, अन् त्यातल्या एका देशाचा राष्ट्राध्यक्ष यानं बोलणी करायला घरीच जेवायला आणला. त्यानं सही केली की लढाई थांबणार, त्याच्या सैन्याच्या वेढ्यात अडकलेलं शहर वाचणार. देवांगनं पेन पुढं केलं तशी काकू खेकसली, "उपाशी माणसाकडून सही घेतात का रे?" अन् पाहुण्याला म्हणाली, "यू सिट. यू ईट."

"आई, लेट हिम साइन फर्स्ट. तिथं लोक मरतायत."

पाहुणा लाघवी गडी. हसून म्हणाला, "आईचं ऐकावं, बाळा."

काकू वाढत गेली, तो खात गेला. मसालेभात झाला, अळूवडी झाली, श्रीखंड दोनदा झालं. एकदाही नको म्हणाला नाही. काकूचं काळीज सुपाएवढं झालं.

मग त्याच्या माणसानं येऊन कानात काहीतरी सांगितलं. काकू पुन्हा वाढायला वाकली, तर त्यानं ताटावर हात आडवा धरला.

"बास, आई. आमचं सैन्य शहरात शिरलं." मग देवांगकडं वळला. "हं, कुठं करायची सही?"