रिकामा डबा

माशांच्या पोटाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञाचं स्वतःचं पोट कायम बिघडलेलं. बायको डब्यात उकडलेलं काहीबाही भरून द्यायची. तो डबा न बघताच प्रयोगशाळेतल्या माशांच्या तिसऱ्या टाकीत पालथा करायचा आणि कँटीनमध्ये तळलेल्या पदार्थांवर ताव मारायचा. रिकामा डबा बघून बायको खूश.

तपासणीत बाकीच्या टाक्यांतल्या माशांच्या पोटातले चांगले जंतू गार पाण्यानं रोडावलेले निघाले. तिसरी टाकीही तितकीच गार, पण तिथले जंतू ठणठणीत.

"यांना खायला काय घातलंत?" साहेबांनी कौतुकानं विचारलं.

त्यानं गुरगुरणारं पोट दाबलं. "बायकोला विचारावं लागेल."

"मग विचारा की."

"विचारतो. पण आज माझी झोपायची सोय इथेच करा."