लाल डाय

मिस्त्रींनी भिंतीवरून लाल डाय काढली आणि नळ्या वाकवायच्या यंत्रावर, बेंडरवर, चढवली.

वेल्डिंगची काळी काच कपाळावर सरकवून त्यांची बायको बघत राहिली. तिला आधी हसूच आलं. नवा कारागीर आला की मिस्त्री मुद्दाम अशी चुकीची डाय उचलायचे आणि तो टोकतो का, हे मिशीतल्या मिशीत हसत बघायचे. न टोकणाऱ्याची मग खैर नसायची. डाय म्हणजे नळी वाकवायचा साचा; लाल डाया पाण्याच्या पाइपच्या. पाइप मोजायचा आतल्या भोकानं, ट्यूब मोजायची बाहेरून. आकडा एकच असला तरी पाइपच्या डायमध्ये ट्यूब ढिली बसते आणि वाकताना चेपते. कुणाची गफलत होऊ नये म्हणून त्या डायांना लाल रंग मिस्त्रींनीच फासला होता, आणि ट्यूबच्या डाया पार समोरच्या भिंतीवर टांगल्या होत्या.

पण आज वर्कशॉपमध्ये नवा कारागीर कुणीच नव्हता. दोघंच होती.

"अहो, माझी परीक्षा घेताय का या वयात?"

"कसली परीक्षा? ट्यूब धर तिकडून."

तिनं धरली. दांडा ओढायच्या आधी ते थांबतील आणि 'काय वेल्डरबाई, झोप लागली का?' म्हणून चिडवतील, असं तिला अजूनही वाटत होतं. मिस्त्रींनी दांडा ओढला.

ट्यूब कट्‌कन वाजली. वाकलेल्या जागी, बाकाच्या आतल्या बाजूला, खळगा पडला, अंगठा बसेल एवढा.

मिस्त्रींनी ट्यूब काढून उजेडात धरली आणि बाकावरून अंगठा फिरवला. तिचा आजवर कुठल्याही मापापेक्षा या अंगठ्यावर जास्त भरवसा होता. अंगठा खळग्यात उतरला आणि पलीकडून वर आला.

"झकास," ते म्हणाले. "घे, मार वेल्डिंगचे टाके. मी चहा टाकतो."

ते मागच्या खोलीत गेले. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणं, एकच गोष्ट दोनदा सांगणं, हे सगळं तिनं थट्टेवारी नेलं होतं. म्हातारा झालात हो, असं म्हणून ती हसायची आणि तेही हसायचे. आता हसायचं कसं?

समोर दगडधोंड्यांतून पळणारी एक उघडी गाडी उभी होती. गाडी उलटली तर चालकाला वाचवायचा या ट्यूबांचा पिंजरा तिच्यावर चढायचा होता. ती चालवणारी मुलगी काल स्वतः हेल्मेट घालून सीटवर बसली होती आणि मिस्त्रींनी तिच्या डोक्यावर मूठ धरून माप घेतलं होतं. "पोरी, गाडी पालथी झाली तरी एवढी जागा तुझ्या डोक्यावर राहायलाच हवी," असं म्हणाले होते. पोरगी खळखळून हसली होती. हा बाक बरोबर त्याच जागी यायचा होता.

चुकलेला बाक तिथल्या तिथे कापायचा, हा मिस्त्रींचाच नियम. पडून राहिला तर कुणीतरी नजरचुकीनं लावेल, आणि कुणाच्या तरी जिवावर बेतेल. तिनं ग्राइंडर उचलला आणि तशीच उभी राहिली. कापला तर ते कारण विचारणार. कारण सांगितलं तर हा माणूस जागच्या जागी मोडणार. आणि नाही कापला तर? तिला भडभडून आलं. पण रडायला तरी सवड कुठे होती? चहा व्हायला असा किती वेळ लागतो!

मिस्त्री दोन कप घेऊन आले. त्यांची नजर ट्यूबवर गेली आणि ते थबकले. कप टेबलावर ठेवून त्यांनी बाकावरून अंगठा फिरवला. या खेपेला अंगठा खळग्यातच थांबला.

"हे कुणी केलं?" आवाज पूर्वीसारखा करडा होता.

तिनं ग्राइंडर तसाच धरून ठेवला.

"लाल डाय लावलीय ट्यूबला! डोळे फुटले होते का त्याचे? कोण होतं बेंडरवर?"

"होता... आपलाच एक कारागीर."

"आणि तू बघत काय बसलीस?" त्यांनी तिच्या हातातून ग्राइंडर घेतला. ठिणग्या उडाल्या. बाकाचे दोन तुकडे जमिनीवर पडले. हात जराही हलला नाही.

"काढून टाक त्याला."

"फार जुना आहे हो. हातात कसब आहे त्याच्या."

"होतं म्हण. जुना असला म्हणून काय झालं? याच्याखाली माणूस बसणार आहे, बाई. आजच्या आज सांग त्याला, यंत्राला परत हात लावायचा नाही."

"सांगते."

मिस्त्रींनी चहाचा घोट घेतला. तुकड्यांकडे बघता बघता त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली.

"ओरडू नकोस हां पण त्याच्यावर," ते म्हणाले. "मुद्दाम नसेल केलं बिचाऱ्यानं. जरा सांभाळून सांग. खचतो माणूस अशानं. घरी कुणी आहे ना त्याचं?"

तिनं कपाळावरची काळी काच डोळ्यांवर ओढून घेतली.

"आहे," ती म्हणाली.