ओहोटीचं तिकीट

“आई, जरा डावीकडे सरक. तुझ्या कानातून नळ निघालाय.”

आई सरकली. तिच्या मागे बसथांब्याची भिंत होती आणि भिंतीवर समुद्र होता. कुणा हौशी रंगाऱ्याने काढलेला. लाटा गडद निळ्या, फेस चुन्याचा. पिण्याच्या पाण्याचा नळ नेमका एका लाटेतून बाहेर आला होता. दादाने फोन आधी उभा धरला, मग आडवा, मग एक गुडघा जमिनीला टेकवला. एरवी तो कुणापुढे वाकत नसे.

“आता हस बघू. समुद्र बघतेयस ना?”

आई हसली. सांगितल्याबरोबर हसायची तिला जन्माची सवय होती.

धाकटी लेक बाकावर बसून हे पाहत होती. बाकासमोर खरा समुद्र असायला हवा होता. तिथे नजर पोचेल तिथवर चिखल होता. होड्या कुशीवर निजल्या होत्या. फार लांब एक रेघ चकाकत होती. ती पाण्याची की उन्हाची, यावर दादा-वहिनींचं अजून एकमत झालं नव्हतं.

डॉक्टरांनी गेल्या महिन्यात दादाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “आईंना काय हवं-नको ते आताच बघा. पुढचं सांगता येत नाही.” आईला विचारलं. आयुष्यात स्वतःसाठी साडीचा रंगही न मागितलेली आई म्हणाली, “एकदा समुद्र बघायचाय.” दादा दात कोरून पोट भरणाऱ्यांतला. त्याने शोधशोध शोधून हे गाव काढलं. इथे कुणी येत नाही, हा त्याच्या मते गावाचा गुण होता. एका दिवसात जाऊन-येऊन, तिकीट निम्म्या दरात. “गर्दीच्या ठिकाणी मूर्ख जातात,” असं तो सगळ्या प्रवासात ऐकवत आला.

दर निम्मा का, ते इथल्या तिकीटवाल्या बाईने खिडकीतून सांगितलं. “दुपारी ओहोटी असली की त्या दिवशी स्वस्त. पाणी संध्याकाळी येतं, पार या कठड्यापर्यंत. पण तुमची बस त्याच्या आधी सुटते.”

“नंतरची आहे ना एखादी?” धाकटीने विचारलं.

“आहे की. तिला हे तिकीट चालत नाही. नवीन काढावं लागेल, पूर्ण.”

धाकटीने पर्स उघडली. दादाने ती तिच्या हातातच मिटली. “वेड लागलंय का तुला? परतीचं खिशात असताना? आणि पाणी म्हणजे शेवटी पाणीच गं. आपल्या तलावासारखं, फक्त खारट.”

“शिवाय आईंना वारा बाधेल,” वहिनी म्हणाली. तिचा स्वेटर तिच्याच अंगात होता.

धाकटीने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, “राहू दे. एवढं आणलं त्याने.”

मग तो फोटो निघाला आणि लगेच घरच्यांच्या ग्रुपवर गेला. खाली दादाने लिहिलं, ‘आईचं स्वप्न पूर्ण केलं.’ फोन टणटणू लागला. दादा एकेक उत्तर मोठ्याने वाचून दाखवत होता. मामा म्हणत होता, मुलगा असावा तर असा. मावशीने नुसतेच हात जोडले होते. आत्याला काळजी वाटत होती: लाटा फार जवळ आल्यात, आईला जपा.

“मी आहे ना,” दादाने टाइप केलं.

बस आली. दादाने आईला दंडाला धरून चढवलं, खिडकीशी बसवलं, तिच्या मांडीवर रिकामा डबा ठेवला आणि पाय पसरले. सहल फत्ते झाली होती. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. आईने डबा उचलला, दादाच्या मांडीवर ठेवला आणि उठली. “थांबवा जरा,” ती ड्रायव्हरला म्हणाली, आणि दांड्याला धरून एकेक पायरी उतरली. धाकटी तिच्या मागोमाग धावली.

आई बाकावर जाऊन बसली. रंगवलेल्या भिंतीकडे पाठ, चिखलाकडे तोंड. लांबची रेघ आता चांगली रुंद झाली होती.

दादाने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. “आई! अगं, हे काय? चल वर! तिकीट फुकट जाईल!”

“फुकट कशाला? तिला ने.”

“कुणाला?”

आईने मान वळवली नाही. “समुद्र पाहिलेली आई तुझ्या फोनमध्ये आहे ना, तिला. न पाहिलेली थांबते इथे.”