बाईंचं वय

चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईंना त्यांचा मुलगा डॉक्टरांकडे घेऊन आला. आई हल्ली फार विसरते, तिने एकटं राहायला नको, असं त्याचं ठाम मत होतं. बाईंना मात्र आपलं घर सोडायचं नव्हतं.

डॉक्टरांनी फॉर्म पुढे ओढला. "आजी, वय किती तुमचं?"

"आकडे उलटे केले की याचं वय येतं. आणि याच्याहून मी सत्तावीस वर्षांनी मोठी."

मुलाने कपाळाला हात लावला. "बघा, साधं उत्तर म्हणून द्यायची नाही."

डॉक्टरांना गंमत वाटली. "बरं, तुमचं वय?" त्यांनी मुलाला विचारलं.

"सेहेचाळीस."

डॉक्टरांनी आकडे उलटे केले. चौसष्ट. फरक अठराचाच आला. "आजी, गणित चुकलं तुमचं," ते हळूच म्हणाले.

"गणित बरोबर आहे. गेल्या मंगळवारी याला सत्तेचाळीस पूर्ण झाली. मी फोन केला होता, हा मीटिंगमध्ये होता."

मुलाने बोटांवर मोजून पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले. डॉक्टरांनी हसत हसत फॉर्मवर चौऱ्याहत्तर लिहिलं.

"मग हिला पुन्हा कधी आणू?" मुलाने पडेल आवाजात विचारलं.

"अकरा वर्षांनी," पर्स उचलत बाईच म्हणाल्या. "मी पंच्याऐंशी, हा अठ्ठावन्न. आकडे परत जुळतील. पण तेव्हा मी याला घेऊन येईन."