वरचं तळं

आमचे हे तळ्यांवर येणाऱ्या होड्या तपासतात. तळी पुष्कळ, माणूस एकच. आज या तळ्यावर, तर उद्या त्या. परक्या शिंपल्या होडीला चिकटून, नाहीतर तिच्यात साचलेल्या पाण्यातून येतात, माजतात, मग मासे उपाशी मरतात आणि पाण्याचे पाइप तुंबतात. म्हणून धुऊन कोरडी केल्याशिवाय हे कुणाचीच होडी पाण्यात उतरू देत नाहीत. माझ्या सख्ख्या भावाच्या होडीत वाटीभर पाणी दिसलं, तर त्यालाही आल्या पावली परत पाठवलं. तेव्हापासून तो आमचा उंबरा चढलेला नाही.

तरीही एकेक तळं नासत गेलं. आता वरचं तेवढं उरलंय, सगळ्या गावाला पाणी पाजणारं.

"माझ्या डोळ्यांत धूळ फेकून कोण जातंय, तेच कळत नाही," हे जेवताना चडफडतात. "एकदा सापडू दे, सालटंच काढतो त्याचं!"

आज सकाळी वरच्या तळ्यावरून यांचा फोन आला. आवाज खुशीत होता.

"अगं, गुडघाभर पाण्यात उतरून धक्क्याचा खांब न् खांब चाचपला. एकही शिंपली नाही!"

मी दारातला चिखल झाडत होते. काल रात्री खालच्या तळ्यावरून आल्यावर यांचे गमबूट तिथेच निथळत होते.

"अहो, पायात बूट कुठले आहेत?"

"रोजचेच. कालचे अजून ओलेच आहेत बघ. का गं?"

चिखलात मुगाएवढी एक शिंपली तोंड किंचित उघडून पडली होती. तिला झाडूची काडी लागली, आणि तिने तोंड मिटलं.